हूड, बाक आणि पट्टा

पाऊस सुरू झाला की जुन्या जीपवाल्याची पहिली झटापट टिचबटणांशी व्हायची. सीटखाली गुंडाळून ठेवलेले कॅन्व्हासचे पडदे ओढून बाहेर काढायचे, दारांच्या जागी लोंबकळवायचे आणि पत्र्यावरच्या खुंट्यांवर एकेक बटण अंगठ्यानं दाबून बसवत जायचं. त्यातली दोन-चार बटणं गंजलेली असायचीच. पडद्यातली प्लॅस्टिकची खिडकी वर्षानुवर्षं घडीत राहून पिवळी पडलेली, तिच्यातून रस्ता ताकातून पाहावा तसा दिसायचा. सगळी बटणं बसेपर्यंत आतली माणसं पुरती भिजायची, आणि अंबरनाथ मागे टाकून बदलापूर येईस्तोवर पाऊस थांबलेला असायचा.

कन्व्हर्टिबल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली लांबलचक लाल गाडी येते: टप मागे गेलेला, हिरोच्या गळ्यातला स्कार्फ वाऱ्यावर. कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात अशा गाड्या कधी फिरल्या नाहीत. इथे टप उघडणारी गाडी म्हणजे एक तर रेक्झिनच्या हुडाची रिक्षा, नाही तर जीप. दोघींनाही कुणी कन्व्हर्टिबल म्हटलं नाही, कारण त्यांचा टप हौसेसाठी उघडा नव्हता. छप्पर परवडत नव्हतं, किंवा त्याची अडचण होत होती, म्हणून ते नव्हतं. त्यातल्या जीपचं पुढे काय झालं, ही गोष्ट कॅम्पापासून सुरू होते.

उल्हासनगरला आजही जुनी माणसं ‘कॅम्प’च म्हणतात. पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असं सहज येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळच्या माळावर सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प उभारला. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं मावावीत असा त्याचा आवाका होता. २,१२६ बराकी होत्या, मध्ये मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या असा बहुतेकींचा घाट. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. मग फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली कुटुंबं या बराकींत येऊन राहिली. एका हॉलमध्ये गोणपाटाचे आडोसे लावून अनेक संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या गावाची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर नाव मिळालं.

जीपही त्याच युद्धाचं अपत्य. १९४० च्या जुलैत अमेरिकी सैन्यानं १३५ कंपन्यांना पत्रं धाडली. खेचर आणि मोटारसायकल या दोघांचं काम करील अशी हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी त्यांना हवी होती, आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. हे आव्हान घेतलं बॅन्टम नावाच्या एका डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीनं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या फाटकात उभी राहिली. बॅन्टमची ताकद मात्र एवढी मोठी ऑर्डर पुरवण्याची नव्हती. काम गेलं विलीज आणि फोर्डकडे. या दोघांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

तिला छप्पर नव्हतं ते मुद्दाम. छप्पर म्हणजे वजन, आणि छप्पर म्हणजे उंची. उंच गाडी शत्रूला लांबून दिसते. म्हणून समोरची काचसुद्धा बोनेटवर आडवी पाडता येईल अशी केली होती. दारं नव्हती. दाराच्या जागी एक पट्टा अडकवायचा, तोही माणूस बाहेर पडू नये एवढ्यापुरता. वर दोन लोखंडी कमानी आणि त्यांवर ताणलेला कॅन्व्हास. त्या कॅन्व्हासचं काम पावसापासून आणि उन्हापासून वाचवण्याचं. गाडी उलटली तर तो काय वाचवणार, हा प्रश्न युद्धात कुणी विचारलेला दिसत नाही. तिथे मरणाची इतर कारणं पुष्कळ होती.

ही गाडी भारतात रुजली ती मुंबईतून, आणि तिच्याही कपाळी फाळणी होती. १९४५ मध्ये जगदीशचंद्र महिंद्र, कैलाशचंद्र महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. कैलाशचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. जीपच्या इंजिनामागचं डोकं या रूस यांचं. १९४७ मध्ये विलीजकडून ७५ गाड्यांचे सुटे भाग मुंबईला आले. त्याच वर्षी तिसरे भागीदार गुलाम मोहम्मद नव्या पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री होऊन कराचीला गेले. पुढे ते त्या देशाचे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. कागदांवरची ‘एम अँड एम’ ही अक्षरं तेवढी बदलावी लागली नाहीत. कराचीहून बोटीनं मुंबईला उतरणारी कुटुंबं आणि मुंबईहून कराचीला गेलेला हा भागीदार, दोघांचे रस्ते त्याच दिवसांत एकमेकांना ओलांडून गेले.

१९४९ मध्ये माझगावला जागा भाडेपट्ट्यानं घेऊन जीप जुळवायला सुरुवात झाली. म्हणजे उल्हासनगरची कोनशिला आणि माझगावची पहिली जुळणी एकाच वर्षातली. १९५४ पासून सुटे भाग टप्प्याटप्प्यानं इथेच तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला.

याच काळात ‘जीप’ हा शब्द देशाला माहीत झाला तो एका बदनामीमुळेही. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप खरेदीचा करार केला. आल्या जेमतेम १५५, आणि त्याही सैन्यानं वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला हा पहिला मोठा खरेदी घोटाळा मानला जातो. १९५५ मध्ये सरकारनं हे प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं.

इथे दीर्घकाळ चालली ती सीजे-थ्री-बी. तिचं बोनेट आधीच्या जीपपेक्षा उंच, जरा फुगल्यासारखं, कारण आत बसवलेलं हरिकेन इंजिनच उंचीला जास्त होतं. अमेरिकेत १९६८ मध्ये हे मॉडेल बंद झालं. आपल्याकडे तिचे वंशज आणखी कित्येक दशकं निघत राहिले. कुणी याला आळस म्हणेल. पण परवाना राजात नवी गाडी काढणं कंपनीच्या एकटीच्या हातात नव्हतं, आणि जी गाडी गावातला फिटर पाना-हातोडी घेऊन उघडू शकतो, तिला गिऱ्हाईक कधी कमी पडत नव्हतं.

गिऱ्हाईक कोण? पोलीस, वनखातं, पाटबंधारे, बांधकाम खातं. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचं गावात येणारं रूप झालं. लांबून धुरळा दिसला की ‘बीडीओ साहेब आले’ हे पोरंही ओळखायची. निवडणुकीत तिच्यावर भोंगा चढायचा, निकालानंतर तिच्यातच गुलालानं माखलेला विजयी उमेदवार उभा राहायचा. अंबरनाथसारख्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असे संरक्षण खात्याचे दोन कारखाने. तिथल्या रस्त्यांवर ऑलिव्ह हिरव्या रंगाच्या गाड्यांचं कुणाला अप्रूप वाटत नव्हतं.

तिच्यात चैनीचं काही नव्हतं. स्टिअरिंग जड, पाट्यांचे स्प्रिंग कडक, सीट म्हणजे रेक्झिन चढवलेली फळी. कल्याणहून बदलापूरला गेलं की कंबर वेगळी काढून ठेवावीशी वाटायची. पण हूड काढून, काच पुढे पाडून संध्याकाळी बारवी धरणाच्या रस्त्यानं जाणाऱ्याला जे मिळायचं ते अॅम्बेसिडरमध्ये नव्हतं. जीपची ऐट ही अशी न ठरवता आलेली होती.

१९७९ मध्ये महिंद्रनं फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि त्यासाठी इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. डिझेल आलं आणि जीपचा धंदाच बदलला. पेट्रोल पिणारी सरकारी गाडी होती ती आता चार पैसे मिळवून देणारं वाहन झाली. एमएम ५४०, मग ५५०, मग लांब पाठीची कमांडर. तिचीच काळी-पिवळी झाली. जिथे एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथे काळी-पिवळी भरली की सुटायची.

‘भरली’ म्हणजे काय, याला मात्र मर्यादा नव्हती. ड्रायव्हरच्या शेजारी तीन, कधी त्याच्या उजव्या बाजूलाही एक. म्हणजे हा चौथा अर्धा बाहेर. मागे दोन आडवे बाक समोरासमोर. त्यांवर गुडघ्याला गुडघा लावून आठ-दहा माणसं, मध्ये पायाशी पोतं, बोचकं, एखादी कोंबडी. मागच्या पायरीवर दोघं-तिघं हुडाच्या कमानीला धरून लोंबकळत. या गाडीनं ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांतल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, पोरं शाळेत पोचवली, भाजी बाजारात आणली. तिला नुसती नावं ठेवणं सोपं आहे.

तरी दोष होता, आणि तो जिथे असावा असं वाटतं तिथे नव्हता. जीपला ठोकर बसली की लोक हुडाकडे बोट दाखवायचे: कापडाचं छप्पर, काय टिकणार! खरा घोटाळा त्या आडव्या बाकांत होता. समोर तोंड करून बसलेला माणूस धडकेत पुढे फेकला जातो. त्याला खांद्यावरून छातीवर येणारा पट्टा अडवू शकतो. आडव्या बाकावरचा माणूस त्याच धडकेत कुशीवर फेकला जातो. त्याची मान वाकडी होते, डोकं शेजारच्याच्या डोक्यावर किंवा कमानीच्या लोखंडावर आपटतं. त्याला पट्टा लावायचा तरी कुठून? स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्येच आणला होता. कंपनीनं तो सगळ्या जगाला वापरू दिला. पण तो समोर पाहणाऱ्या माणसासाठी होता. जीपचे बाक समोर पाहतच नव्हते.

हुडाचा प्रश्न वेगळा, आणि तो जगभर होता. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत गाडी उलटण्याबद्दल कडक नियम येणार अशी हवा झाली, आणि उघड्या टपाच्या गाड्या संपल्या असं कंपन्यांनी धरून टाकलं. १९७६ मध्ये कॅडिलॅकनं आपली एल्डोराडो ‘शेवटची कन्व्हर्टिबल’ म्हणून गाजावाजा करत विकली. १९८० च्या डिसेंबरात ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमानं वळणावर उलटणारी जीप सीजे-फाइव्ह घराघरांत दाखवली. ती चाचणी गाडी उलटावी म्हणूनच रचली होती असा आरोप नंतर झाला, तरी जीपच्या नावाला जे लागायचं ते लागलं. १९८६ मध्ये सीजे गाड्यांच्या जागी आलेली रँग्लर आधीपेक्षा रुंद आणि बुटकी होती, यात नवल नाही. जर्मन मर्सिडीजनं १९८९ च्या एसएल गाडीत आणखी वेगळी युक्ती केली. सीटमागे एक पोलादी कमान आडवी लपवली. गाडी उलटायला लागली की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात उभी राहायची. छप्पर कापडाचंच राहू द्या, त्याच्याखाली माणसाच्या डोक्याला जागा राखणारं लोखंड असलं पाहिजे, हे तोवर सगळ्यांना पटलं होतं.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. हलकी, पेट्रोलवर पळणारी, कापडी टपाची. सैन्यानं आणि पोलिसांनी तिला उचललं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, रेनॉच्या इंजिनाची टप उघडणारी छोटी गाडी बनू लागली. दिसायला देखणी होती. पण दोन माणसं आणि एक पिशवी यांच्यासाठी गाडी घेणारा देश हा नव्हता, आणि ती फारशी कुणाला दिसलीच नाही.

२०१० च्या ऑक्टोबरात महिंद्रनं थार आणली. नव्या नावाची जुनी जीपच. कॉमन-रेल डिझेल इंजिन, पुढे नव्या धाटणीचं सस्पेन्शन, पण मागे तेच पाट्यांचे स्प्रिंग, तेच कॅन्व्हास आणि तेच दोन आडवे बाक. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. डोंगरात आणि चिखलात जाणाऱ्या हौशी मंडळींनी तिला डोक्यावर घेतलं. घरच्यांनी घेतलं नाही. नऊ वर्षं ती अशीच, एका पंथाची गाडी म्हणून चालली.

नाव मात्र या पट्ट्यात वेगळंच ऐकू येतं. थरचं वाळवंट राजस्थानात आहे तसं सिंधमध्येही आहे. थरपारकर हा सिंधचाच जिल्हा. फाळणीत जे बोटीनं आले नाहीत त्यांतले बरेच मीरपूर खासहून रेल्वेनं हे वाळवंट ओलांडून जोधपूरकडे उतरले. त्यांच्यातले कित्येक पुढे कॅम्पाच्या बराकीत आले. आज उल्हासनगरच्या फर्निचर बाजारापुढे वाट अडवून उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या पाठीवर आजोबांच्या मुलखाचं नाव लिहिलेलं असतं. गाडीचं बारसं करणाऱ्यांच्या हे ध्यानीमनी असेल असं वाटत नाही.

जुन्या थारला उतारवयात नेलं ते कायद्यानं. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना धडकेची चाचणी पास होणं सक्तीचं झालं. २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस आणि जुलैपासून चालकाची एअरबॅग आली. पाठोपाठ २०२० च्या एप्रिलमध्ये धुराबद्दलचे बीएस-सहा नियम. जिप्सीनं याच सुमाराला निरोप घेतला. महिंद्रनं २०१९ च्या जूनमध्ये जुन्या थारच्या शेवटच्या ७०० गाड्या खास आवृत्ती म्हणून काढल्या, त्यांना एबीएस दिलं आणि पान उलटलं.

पुढचं पान १५ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन कोरोनात, पडद्यावरच उघडलं. २ ऑक्टोबरला विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या चार दिवसांत ९,००० गाड्यांची नोंदणी झाली. पहिली गाडी लिलावात गेली १ कोटी ११ लाखांना, आणि ते पैसे मदतकार्याला दिले गेले. जुळणी नाशिकला.

ही गाडी बाहेरून जीप वाटते, आतून नाही. शिडीसारखी मजबूत चॅसी तशीच. पण मागचे पाट्यांचे स्प्रिंग गेले, कॉइल आले. हूड तीन तऱ्हांचा ठेवला: पक्का पत्र्याचा, न उघडणारा कापडी, आणि मागे घडी करता येणारा कापडी. शेवटचा म्हणजे खरा कन्व्हर्टिबल. तो उघडला की खाली नळ्यांचा पोलादी पिंजरा दिसतो, ज्याला रोल केज म्हणतात. जुन्या जीपच्या लोखंडी कमानी कापड ताणायला होत्या. हा पिंजरा माणसाच्या डोक्यावरची जागा राखायला आहे. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, फरक हाताला लागणाऱ्या जाडीत आहे. पुढे दोन एअरबॅग, एबीएस, आणि वरच्या आवृत्त्यांत गाडी घसरू किंवा कलंडू लागली तर आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा.

पण खरी उलथापालथ मागे होती. बाक फिरले. मागची सीट समोर तोंड करून बसली, तिला तीन टोकांचे पट्टे आले, लहान मुलांची खुर्ची अडकवायला आयसोफिक्सच्या कड्या आल्या. सुरुवातीला आडव्या बाकांची सहा आसनी आवृत्तीही विकायला ठेवली होती. ती फार दिवस टिकली नाही. दोन माणसांची जागा गेली आणि गाडीला कुटुंब मिळालं.

२०२० च्या नोव्हेंबरात, गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपचा निकाल आला. ताशी ६४ किलोमीटर वेगानं, गाडीच्या तोंडाचा चाळीस टक्के भाग अडथळ्यावर आदळवून घेतलेल्या चाचणीत थारला मोठ्यांसाठी १७ पैकी १२.५२ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४१.११ गुण मिळाले. दोन्हींत चार तारे. जीपच्या वंशातल्या गाडीला हे मिळावं, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. दोन वर्षं आधीच तिची अमेरिकन चुलत बहीण रँग्लर युरोपातल्या चाचणीत एका तार्‍यावर अडकली होती. युरोपची चाचणी जास्त कडक, तेव्हा दोघींना एका तराजूत टाकणं बरोबर नाही. शोरूममधले विक्रेते मात्र बिनदिक्कत टाकतात. आणखी एक गोष्ट तिथे कुणी सांगत नाही: हे तारे समोरच्या धडकेचे आहेत. हूड मागे टाकून वळणावर गाडी उलटली तर काय होईल, याचा त्यांत हिशेब नाही. तिथे तो पिंजरा, तो पट्टा आणि चालकाची अक्कल एवढंच भांडवल.

२०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला गाबा मैदानावर भारत जिंकला, आणि आनंद महिंद्र यांनी सहा तरुण खेळाडूंना थार भेट दिली. त्यांत पालघरचा शार्दूल ठाकूर होता. क्रिकेटची बॅग खांद्याला लावून वर्षानुवर्षं लोकलनं मुंबई गाठलेल्या पोराच्या हातात किल्ली आली, हे चित्र कल्याणच्या पुढच्या प्रत्येक फलाटावर नीट समजलं. २०२३ च्या मार्चमध्ये नव्या थारची एक लाखावी गाडी बाहेर पडली. एमएच-०५, म्हणजे कल्याण आरटीओच्या पाटीची थार आता या पट्ट्यात नवलाईची उरलेली नाही.

नवलाई ओसरली तसा आचरटपणा वाढला. पावसाळ्यातल्या रविवारी बदलापूरहून कोंडेश्वरकडे आणि बारवीकडे गाड्यांची रांग लागते. टप उघडा, पोरं पिंजऱ्याला धरून उभी, एक पाय सीटवर, एक दारावर. काळी-पिवळीच्या पायरीवर लोंबकळणाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. याला आहे. धबधब्यांवर दरवर्षी प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, आणि मनाई आहे म्हणजे मजा आहे असा अर्थ लावला जातो.

पाण्याचंही तसंच. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली असते. गुडघ्याच्या थोडं वर. उल्हास नदी माहितीपत्रक वाचत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी एनडीआरएफच्या बोटींतून काढावे लागले. रूळ रस्त्यापेक्षा उंच असतात. तिथे आख्खी रेल्वे उभी राहिली, तिथे साडेसहाशे मिलिमीटरची काय कथा! तरी दर पावसाळ्यात एखादा चौकातल्या तळ्यात गाडी घालतोच, आणि मागून लोक मोबाइल काढतात.

बदलापूरच्या नावाबद्दल एक आख्यायिका सांगतात: शिवकाळात सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरं-खोटं देव जाणे. पण घोडा बदलताना स्वार आधी खोगिराचा पट्टा ओढून पाहायचा, हे सांगायला आख्यायिका लागत नाही.

पट्ट्यावरून शेवटी बोलणं यावं लागलं ते एका अपघातामुळे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज होती, छप्पर पक्कं होतं, एअरबॅग होत्या. मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही महिने मागचा पट्टा हा विषय घराघरांत निघाला. मुंबईत नोव्हेंबरपासून तो सक्तीचाही झाला.

१५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आली. तिला त्याच वर्षी भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले: मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.०९, मुलांसाठी ४९ पैकी ४५. सहा एअरबॅग, मागे ऐसपैस जागा. टप पक्का. आकाश बघायचं तर काचेतून. कापडी हुडाच्या घराण्यात कापड नसलेली गाडी सगळ्यांत जास्त कुटुंबांना आवडली, यात कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही. बदलापूरच्या पावसात टिचबटणं लावलेल्या माणसाला विचारावं.

जुन्या जीपा संपलेल्या नाहीत. कुणी त्या जपून ठेवल्यात, कुणी लग्नाच्या वरातीला भाड्यानं देतो. हूड फाटला की नवा शिवून घ्यावा लागतो, आणि जाड कापडावर चालणारी सुई उल्हासनगरला शोधावी लागत नाही. जीन्स शिवणाऱ्या गावात ती गल्लोगल्ली आहे. हुडाच्या जागी पत्र्याचा टप बसवावा असं मालकाच्या मनात येतं, पण आरसी बुकात बॉडीचा प्रकार एकदा लिहिलेला असतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मूळ बांधणीत मनाजोगे बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट केल्यापासून आरटीओत तेवढंच काटेकोर पाहतात. त्यामुळे कापडाच्या जागी कापडच येतं.

नव्या गाड्यांचं काम वेगळं असतं, सीटकव्हरचं. शोरूममधून निघालेली थार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेक्झिनच्या दुकानापुढे उभी राहते. रंग ठरतो, लाल दोऱ्याची टीप ठरते, पाठीवर कोरायचं नाव ठरतं. मग कारागीर टेप घेऊन मागे शिरतो, सीटचं माप घेतो आणि मान वर न करता विचारतो: मागच्या पट्ट्यांच्या बकलांना चीर ठेवायची, की कव्हर सलग हवं? सलग कव्हर दिसायला जास्त छान दिसतं.